टिचकीमावशींवरचा आळ

आमच्या इस्पितळात ट्रॉली ढकलणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण मान वर करून लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मी त्याच वॉर्डाची मुख्य सिस्टर होते. माझ्या नाकावर माशी बसत नाही असं लोक म्हणायचे, आणि मूर्खासारखं मला ते कौतुक वाटायचं.

मावशींचं काम सरळ होतं. ऑपरेशनचा पेशंट वॉर्डातून न्यायचा, लिफ्टने वरच्या मजल्यावर थिएटरच्या दारात पोचवायचा, आणि शुद्धीवर आला की परत खाटेवर आणून सोडायचा. अंगाने किडकिडीत, पण दीडशे किलोचा माणूसही ट्रॉलीवरून खाटेवर असा सरकवायच्या की त्याला कळायचंही नाही. बोलणं कमी. त्यांची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती: चौदा वर्षं रोज दहा वेळा लिफ्टने जाणाऱ्या या बाईला लिफ्टची भीती वाटायची. एकदा पेशंटसकट अर्धा तास आत अडकल्या होत्या, तेव्हापासून. दार लागलं की डोळे मिटून घ्यायच्या आणि ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून ठेवायच्या.

मग एकदा बाहेरून एक समुपदेशक बाई आल्या. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटची घालमेल होते, ती कमी करायला बोटांनी ठरावीक जागी हलकेच टिचक्या मारायच्या, असं त्यांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. आधी आपल्या भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. मग करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवर टिचक्या मारत भीती मोठ्याने बोलायची: ‘मला अमक्याची भीती वाटतेय, तरी मी स्वतःला सांभाळून घेते आहे.’ मग भुवईची सुरुवात, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याचं हाड, काखेखाली आणि शेवटी डोक्याचा मध्य. एवढं झालं की पुन्हा आकडा विचारायचा.

आम्ही वीस सिस्टर खुर्च्या अडवून बसलो होतो. बाईंनी विचारलं, ‘करून दाखवायला कोण पुढे येतंय?’ कोणी जागचं हललं नाही. चारचौघींत आपली भीती कोण सांगणार? चहाचे कप गोळा करायला आलेल्या मावशींना बाईंनी हाताला धरून बसवलं. मावशींनी लिफ्ट सांगितली. आम्ही सगळ्या हसलो. आकडा आठवरून चारवर आला, आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, लिफ्टमध्ये त्यांचे डोळे उघडे होते.

शिबिराची प्रमाणपत्रं आम्हा वीस जणींना मिळाली. माझं मी चौकटीत घालून ड्यूटी रूममध्ये लावलं. मावशींना मिळायचा प्रश्नच नव्हता, त्यांची नोंद कपांबरोबर होती.

पण पेशंटना टिचक्या मारू लागल्या त्या मावशीच. आमच्याकडे वेळ नव्हता, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मी सुरुवातीला केलं होतं. मी एक वाक्य छापून घेतलं होतं, ‘मला ऑपरेशनची भीती वाटते’, आणि प्रत्येकाच्या हातात तो कागद देऊन म्हणायला लावायचे. लोक शाळेत पाढे म्हणावेत तसं म्हणायचे आणि आकडा होता तिथेच राहायचा. मावशी कागद देत नसत. पडदा ओढायच्या, स्टुलावर बसायच्या आणि विचारायच्या, ‘नक्की कशाची?’ मग थांबायच्या. आणि लोक सांगायचे. कुणाला भूल उतरणारच नाही असं वाटायचं, एकाला मांजर उपाशी राहील याची काळजी, एका पहिलवानी गड्याला सुईची. ‘तेवढंच म्हणा,’ मावशी सांगायच्या, आणि टिचक्या सुरू.

त्या टिचक्यांत काही आहे की कोणीतरी पाच मिनिटं शेजारी बसतं याचाच तो परिणाम, हे मला आजही माहीत नाही. आमचे सर्जन म्हणायचे, ‘अपाय नाही ना? नाडी खाली येतेय ना? मग करू दे.’ त्यांनीच त्यांना टिचकीमावशी हे नाव दिलं. पुढे तर पेशंट भरती होतानाच विचारू लागले, ‘त्या टिचकीवाल्या मावशी आहेत ना?’ मी फॉर्म भरत समोर बसलेली असायचे. प्रमाणपत्र माझं आणि विचारणा त्यांची. मला ते खुपायचं. खोटं कशाला बोलू, चांगलंच खुपायचं.

त्या सुमारास शिवणवाल्या बाई भरती झाल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं कपडे शिवायचं दुकान. काखेजवळ छातीत मोठी गाठ होती, ती काढायची होती. सोबत नवरा आणि नणंद. नवरा गप्पिष्ट, हसरा, वॉर्डातल्या सगळ्यांशी तासाभरात ओळख करून मोकळा झालेला. बाई मात्र मोजकं बोलायच्या आणि बोलताना हात तोंडापाशी न्यायच्या.

ऑपरेशनच्या सकाळी आमचा एक फॉर्म असतो. दागिने काढले का, नखांचा रंग पुसला का, चष्मा, खोटे दात. मी खाटेपाशी उभी राहून, नेहमीसारखं खणखणीत आवाजात, नवरा आणि नणंदेसमोर एकेक विचारत गेले. ‘खोटे दात?’

‘नाही,’ बाई म्हणाल्या.

मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या खाटेकडे वळले. हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर काढून विचारायचा असतो, हे मी नव्या मुलींना शिकवत आले होते. स्वतः मात्र घाईत तेवढं विसरले होते.

मग मावशींनी पडदा ओढला. दहा मिनिटांनी त्या माझ्याकडे आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘सिस्टर, त्या ताईंचा फॉर्म बदला. वरचे पुढचे चार दात खोटे आहेत.’

‘मग मघाशी “नाही” असं का म्हणाल्या?’

‘लग्नाआधी जिन्यावरून पडल्या होत्या. तेवीस वर्षं झाली, मिस्टरांना माहीत नाही. रोज दार लावून, नळ सोडून कवळी धुतात. त्यांना गाठीची भीती नाहीये सिस्टर. बिनदातांचं तोंड घेऊन ट्रॉलीवरून सगळ्यांसमोर यावं लागेल याची आहे. दहापैकी दहा म्हणाल्या.’

‘बरं, बदलते.’

‘कवळी मी डबीत ठेवलीये. वरच्या सिस्टरना विचारलं, पूर्ण शुद्धीवर आल्या की तिथेच बसवू देतील. मग खाली आणीन.’ त्या दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. ‘फॉर्म कोणासमोर वाचू नका हां. मी त्यांना शब्द दिलाय. तुम्हाला सांगितलंय हेही त्यांना माहीत नाही.’

‘मला शिकवू नका,’ मी म्हणाले.

खरं म्हणजे त्या दिवशी मावशींनी मोठा अनर्थ टाळला होता. भूल दिलेल्या माणसाच्या तोंडात कवळी राहिली आणि ती सुटून घशात गेली तर काय होतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चूक माझी होती आणि ती निस्तरली त्यांनी. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मी काय केलं? ड्यूटी रूममध्ये गेले, फॉर्मवर खाडाखोड केली, आणि चहा पिणाऱ्या तिघींना म्हणाले, ‘ऐकलंत का, आपल्या टिचकीबाईंनी आज काय शोधून काढलंय! तीन नंबरला मरणाची भीती नाही, कवळीची आहे! तेवीस वर्षं नवऱ्याला पत्ता नाही!’

तिघी हसल्या. मला बरं वाटलं म्हणून मी आणखी तिखटमीठ लावलं. नवऱ्याने कधी चुंबन घेतलं नसेल का, असंही काहीतरी बोलले. ते आता लिहितानाही कानशिलं तापतात. मग मी वळले. दारात त्या बाईंची नणंद उभी होती. सही कुठे करायची ते विचारायला आली होती. तिने सही केली आणि निघून गेली.

मी तेव्हाच तिच्यामागे जायला हवं होतं. ‘ताई, हे पोटात ठेवा,’ एवढं म्हणायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली की तिने ऐकलं नसेल.

दुपारी ट्रॉली परत आली. मावशींनी बाईंचे केस नीट केले होते, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं होतं, आणि बाईंच्या तोंडात दात होते. गाठ साधी निघाली होती. खाटेभोवती नवरा, नणंद आणि भेटायला आलेले दोघे-तिघे उभे होते. बाई गुंगीतच, पण हसल्या. तोंडापाशी हात न नेता हसल्या.

‘सांभाळून हस गं,’ नवरा मोठ्याने म्हणाला, ‘पडतील! तेवीस वर्षं फसवलंस की मला!’

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बायको सुखरूप परत आली म्हणून तो आनंदाने नुसता उतू जात होता. सगळे हसले. बाईंनी हसणं थांबवलं, मान वळवली आणि ट्रॉलीचा दांडा धरून उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

त्यानंतर बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. कोणी असलं की जेवायच्या नाहीत. नाडी चढलेली. मावशी संध्याकाळी टिचक्यांसाठी स्टूल घेऊन गेल्या तर बाईंनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणू लागल्या, मला घरी सोडा, मी सही करून जाते. सर्जननी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘मी फक्त मावशींना सांगितलं होतं.’

मेट्रननी मावशींना बोलावलं आणि वॉर्डाची मुख्य म्हणून मलाही. आम्ही टेबलासमोर शेजारी शेजारी उभ्या राहिलो, आमचे खांदे लागत होते.

‘पेशंटची गोष्ट बाहेर गेली कशी?’ मेट्रननी विचारलं. ‘तुम्ही कोणाला बोललात?’

मी मनात वाक्य जुळवलं होतं. अगदी जिभेवर होतं. पण मेट्रनच्या मागे भिंतीवर त्या वर्षीच्या बढतीची यादी लावलेली होती, आणि मी ती वाचत राहिले.

मग मावशीच म्हणाल्या, ‘माझ्याकडूनच चूक झाली.’

मी मूग गिळून उभी. मेट्रन म्हणाल्या, ‘उद्यापासून टिचक्याबिचक्या बंद. तुम्ही चादरींच्या खोलीत जा.’ पाच मिनिटांत सगळं संपलं. बाहेर आल्यावर मावशी मला काही बोलतील म्हणून मी अंग चोरून चालत होते. त्या ‘येते सिस्टर’ म्हणाल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

चादरींची खोली तळघरात होती. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, गठ्ठे बांधायचे. खिडकी नाही. तिथे बोलायला माणूस नाही आणि भीती सांगायला पेशंट नाही.

मावशी वॉर्डातून गेल्याचं कळल्यावर शिवणवाल्या बाई मात्र राहिल्या. जखमेत नळी होती म्हणून अकरा दिवस रोज ड्रेसिंग होतं, आणि ते मी स्वतः करायचे, दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाही. पट्टी ओली करून, कड सोडवत, फुंकर घालत काढायचे. एवढी हळुवार मी आयुष्यात कोणाशी वागले नव्हते. सातव्या-आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘सिस्टर, तुम्ही बऱ्या. तुम्ही कोणाचं काही बोलत नाही.’ माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. मी म्हणाले, ‘हात घसरला,’ आणि दुसरा घेतला.

मला बढती मिळाली. दीड वर्ष गेलं. तळघराकडे जायचा जिना मी टाळत राहिले. चादरी कमी पडल्या तर दुसऱ्या मुलीला पाठवायचे.

मग माझ्याच पित्ताशयात खडे निघाले. शेकडो लोकांना ‘काही होत नाही हो, अर्ध्या तासाचं काम’ असं सांगणारी मी, आदल्या दिवसापासून माझीच नाडी एकशे वीस. सर्जन म्हणाले, ‘सिस्टर, तुम्हीसुद्धा?’ मी मान खाली घालून म्हटलं, ‘खालून मावशींना बोलवाल का?’ निर्लज्जपणाची कमाल होती ती, पण भीतीपुढे लाज टिकत नाही, निदान माझी टिकली नाही.

त्या आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. पडदा ओढला, स्टुलावर बसल्या, माझा हात हातात घेतला.

‘नक्की कशाची?’

‘भूल चढणार नाही आणि मला सगळं कळत राहील याची,’ मी म्हणाले.

‘आकडा?’

‘नऊ.’

त्यांनी टिचक्या मारल्या, मी वाक्य म्हटलं. कड, भुवई, डोळ्याखाली, नाकाखाली. पुन्हा नऊ. परत सगळं केलं. नऊच. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी हात थांबवला. ‘राहू दे सिस्टर. हे तुमचं नाही, तुम्ही कुठेतरी वाचलेलं आहे.’ रागाने म्हणाल्या नाहीत. ‘ट्रॉली मीच नेते, चला.’ लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला होता. मी डोळे मिटून घेतले, पण ते लिफ्टमुळे नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मला कंप सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि औषध देऊनही थांबेना. जेवणाच्या सुट्टीत मावशी वर आल्या. न विचारता स्टूल ओढलं आणि हाताच्या कडेवर टिचक्या सुरू केल्या. या वेळी त्यांनी ‘कशाची’ असं विचारलंच नाही.

‘मावशी, कवळीचं मी बोलले होते,’ माझ्या तोंडून निघालं. ‘हसायला म्हणून बोलले. तुमच्यावर जळत होते म्हणून बोलले. आणि मेट्रनपुढे तुमच्यावर आळ आला तरी गप्प राहिले.’

त्यांची बोटं थांबली नाहीत. ‘माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्याशिवाय मी सांगितलंच कोणाला होतं?’

‘मग तिथे माझं नाव का नाही घेतलंत?’

‘त्या ताईंचं ड्रेसिंग तुमच्याकडे होतं ना. रोज तुमच्यासमोर कपडे सोडून बसायचं होतं त्यांना. तुमचं नाव कळलं असतं तर कशा बसल्या असत्या? जखम तशीच घेऊन घरी गेल्या असत्या. त्या तेच म्हणत होत्या.’ त्यांनी माझ्या भुवईवर बोटं ठेवली. ‘माझं काय, ट्रॉली कोणीही ढकलतं.’

मी हुंदके देऊन रडले. टाक्यांवर ताण येतो म्हणून त्यांनी माझ्या पोटावर उशी धरली. मी म्हणाले, मी उठले की पहिल्यांदा मेट्रनकडे जाते, लिहून देते, तुम्हाला परत वॉर्डात आणते.

‘ते तुमचं तुम्ही बघा,’ मावशी म्हणाल्या. ‘मला चादरींची सवय झालीये आता.’ मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. ‘त्या ताईंना सांगाल का पण? बाजारात दिसतात मला. बघितलं की रस्ता बदलतात. एवढं मात्र सोसत नाही सिस्टर.’

मेट्रनना मी सुट्टी संपताच लिहून दिलं. ते सोपं गेलं. बढती काढून घेतली नाही, चार शब्द सुनावले, बस; मावशी मात्र चादरींतच राहिल्या. शिवणवाल्या बाईंच्या दुकानापर्यंत जायला मला पुढचे तीन आठवडे लागले. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या मशीनवर कसल्याशा निळ्या कापडाची बाही जोडत होत्या. मला पाहून उठल्या, स्टूल पुसून दिलं. ‘सिस्टर! बसा बसा. बारीक झालात हो.’ मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फॉर्मपासून मेट्रनच्या खोलीपर्यंत. नणंद दारात कशी होती ते सांगितलं. मी कशी हसले तेही सांगितलं. चुंबनाचं मात्र सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

बाईंचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच होता. बराच वेळ त्या कापडाची शिवण नखाने दाबत राहिल्या.

‘किती हळू पट्टी काढायचात तुम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटायचं, केवढी माया आहे.’

मी त्यांनी पुसून दिलेलं स्टूल बाजूला सारलं.

‘आणि मावशी माझं डोकं धरून बसल्या होत्या वर. दात बसवताना आरसा धरला होता मला. त्यांच्या तोंडासमोर मी चादर ओढून घेतली.’ त्यांनी सुई वर केली, कापड काढून बाजूला ठेवलं. ‘आत्ता असतील का तिथे?’

‘तळघरात, चादरींच्या खोलीत. पाचपर्यंत.’

त्या उठल्या. चपला घातल्या. मी बाहेर पायरीवर सरकले तशी त्यांनी फळी ओढली आणि कुलूप लावलं, भरदुपारी, गिऱ्हाइकांच्या वेळेला.

‘मी येऊ का सोबत?’ मी विचारलं.

‘नको,’ त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता गल्लीतून भराभर निघून गेल्या, आणि मी त्या बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिले.